दहापैकी सहा

"फर्स्ट क्लास आला सर, तोंड गोड करा!" म्हणत ॲन्सेल्मकाकांनी दारातच सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा जेसनच्या हातात कोंबला.

रविवारची सकाळ. जेसन बर्म्युड्यावर, दातसुद्धा घासलेले नाहीत. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर आजवर त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. घरबसल्या व्हिडिओ गेम खेळायचे, वेबसाइटवर त्यांच्याबद्दल लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे, एवढाच काय तो त्याचा उद्योग.

"मी क्लाराचा बाप, राजोडीचा. तुमच्या आईने चर्चमध्ये पत्ता दिला."

क्लारा म्हटल्यावर जेसनने पुडा टेबलावर ठेवला. 'बावखल' नावाचा गेम एकटीने बनवणारी ती क्लारा. गुरुवारी त्यानेच तिला सहा दिले होते.

आता हे सहा म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. शाळेत ते साठ टक्के, फर्स्ट क्लास. गेमच्या धंद्यात मात्र सहा म्हणजे 'घेऊ नका' हे सभ्य शब्दांत सांगणं. सगळ्या समीक्षकांच्या मार्कांची सरासरी निघते, आणि ती सातच्या खाली घसरली की त्या गेमकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जेसनच्या सहाने 'बावखल' नेमका सातखाली गेला होता.

काकांनी खिशातून जेसनच्या मार्कांची, झेरॉक्सवाल्याकडची प्रिंट काढून टेबलावर पसरली. "बघा, ही गाड्यांची शर्यत, नऊ. बंदुका, आठ. क्रिकेटला साडेसात, भुताच्या बंगल्याला सात. एकेकाला तीनतीनशे मानसं लागतात म्हने! आनि आमची एकटी पोर, तरी सहा. मला मॅट्रिकला बेचाळीस होते, सर."

"हो... म्हणजे..." जेसन म्हणाला.

"पन पोरगी तीन दिवस दार लावून बसलीय. धड जेवत नाय. साठ टक्क्यांवर कोन रडतं, सांगा!"

त्या आठवड्यात त्याने तीन दिवस नुसत्या गाड्या पळवल्या होत्या. 'बावखल'च्या वाट्याला आली चाळीस मिनिटं. एक मुलगी बावखलातून, म्हणजे वाडीजवळच्या तळ्यातून, हंडा भरते आणि वाडीतल्या केळींना पाणी घालते. वाटेत पाटावर माडाचं खोड आडवं टाकलेलं, त्यावरून हंडा घेऊन तोल सांभाळत जायचं. तिथे जेसन तीनदा पडला, वैतागला, आणि 'रटाळ, पुढे काहीच घडत नाही' असं लिहून मोकळा झाला. पुढे काय घडतं ते बघायला तो गेलाच कुठे होता!

"एक काम होतं सर." काकांनी पिशवीतून टॅब काढला. "यात शेवटी मार्गारेट बोलते. माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. फोनमध्ये आवाज राहिलेला, तो क्लाराने यात घातला. मला बोलली, पप्पा, खेळत खेळत जा, म्हनजे ऐकाल. पन माझी ही बोटं बघा! त्या खोडावरनं मी पडतोच. आनि अजून ऐकलंच नाय, हे आता तिला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही शेवटपर्यंत गेलाय. मला तेवढं ऐकवा."

खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. जेसनने टॅब घेतला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

पहिल्याच फेरीत मुलगी हंड्यासकट पाटात.

"विसरलात होय?" काका हसले. "एवढे गेम खेळता, ध्यानात कुठलं राहनार!"

दुसऱ्यांदा पाटात. "आमचा टॅब जुना आहे, सर." तिसऱ्यांदा. "असू दे, असू दे, सावकाश. मला घाई नाय."

दर वेळी सबब काकाच शोधून देत होते. जेसनला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

पाचव्या खेपेला ती पलीकडे पोचली. "गेली! गेली बाय!" काकांनी जेसनच्या पाठीवर थाप मारली. मग पाऊण तास खेळ चालला. केळींमागून केळी हिरव्या होत गेल्या. काका खुर्चीच्या टोकावर बसून होते. त्यांनी चहा नको म्हटला, पंखाही बंद करायला लावला, आवाज नीट यावा म्हणून.

शेवटच्या केळीला पाणी घातलं आणि पडद्यावरची मुलगी थांबली. घराच्या बाजूने एका बाईचा आवाज आला. जरा घोगरा, मागे भांड्यांचा खडखडाट.

"क्लारा, पुरे आता पानी. जेवायला चल. बापसाला पन हाक मार."

"आलो," काका म्हणाले.

मग बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. जेसनला वाटलं, आता आभार मानतील आणि उठतील, सुटलो. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"सर, हे ऐकून तुम्ही सहाच दिलेत?"

जेसनने टॅब हळूच टेबलावर ठेवला.

"ऐकून नव्हते दिले, काका."