कोपऱ्यावरचे चौघे

आमचा देव आणि त्याची मित्रमंडळी, केया, धम्मदीप आणि मलिक, न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीत इंडियन स्टोअरच्या कोपऱ्यावर उभी राहून गायची. वाद्य एकही नाही. मलिकच्या आजोबांनी शिकवलेलं जुनं डू-वॉप. एकाने गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी तोंडानेच ठेका धरायचा. माझा नवरा विक्रम वैतागायचा. "भिकाऱ्यांसारखं रस्त्यावर काय गाता? तेही त्या काळ्या मलिकबरोबर?"

मग कुणीतरी काढलेला त्यांचा व्हिडिओ व्हायरल झाला. न्यूयॉर्कमधला शो हाऊसफुल्ल गेला आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष असलेल्या विक्रमनेच त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं.

काल मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं. 'आपली मराठी मुलं, आपला अभिमान.' फोटोत तिघंच होती.

"बाबा, व्हेअर इज मलिक?" देवने विचारलं.

"अरे, येऊ दे ना त्याला, गाऊ दे. पोस्टर आपल्या लोकांसाठी आहे यार."

"देन वी आर नॉट कमिंग." एवढं बोलून देव निघून गेला.

"एवढ्याशावरून रागावला. मी किती मन लावून एडिट केलंय, बघ तरी." विक्रमने फोन माझ्यापुढे धरला. मी फोटो मोठा केला.



देवच्या खांद्यावर मलिकचा हात तसाच राहिला होता. तो केयाचा वाटावा म्हणून विक्रमने गोरा केला होता.