पंधरा दिवसांच्या बोलीवर

विधी महाविद्यालयात परदेशातून संशोधनाला आलेल्या प्राध्यापक बाईंना भावाचा फोन येऊन आठवडा झाला होता. “ताई, लष्करानं आपली राज्यघटना रद्द केली. इतक्यात घरी येऊ नकोस.” तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज सवयीने त्या ग्रंथालयात गेल्या, तर ग्रंथपाल काका त्याच राज्यघटनेचं पुस्तक, बाईंच्या खुणेच्या चिठ्ठ्यांसकट, ढकलगाडीवर ठेवत होते. “रद्द झालेले कायदे तळघरात जातात, इतिहासाच्या कपाटात,” ते ओशाळून म्हणाले. “माझ्या हातात काही नाही हो.” बाईंमध्ये भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी पुस्तकाकडे हात पुढे केला. “कुणी वाचायला नेलेलं पुस्तक तळघरात जातं का?” “ते कसं जाईल?” “मग माझ्या नावावर लिहा.” काकांनी शिक्का उचलला. “पंधरा दिवसच मिळतं हं.” “चालेल. दर पंधरवड्याला येत जाईन.”