निळी कडी

"अठ्ठावीस," दुर्बिणीवरून डोळा न काढता तो म्हणाला. शेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोने वहीत रेघ ओढली.

खाडीच्या काठी एक लाकडी खोपटं होतं. त्याच्या फटीतून समोरचं वाळूचं बेट दिसायचं. तीन वर्षांपूर्वी त्या बेटावर त्याने कुरव पक्ष्यांच्या चाळीस पिल्लांच्या पायांत निळी प्लॅस्टिकची कडी घातली होती. मोठी होऊन अंडी घालायला ती इथेच परततात का, हे त्याला पाहायचं होतं. तेव्हापासून गावभर त्याचं नाव 'कडीवाला' पडलं. बायको आपोआप कडीवालीण झाली. तिने ते हसून चालवून घेतलं.

आज सोक्षमोक्ष लागायचा होता. उद्या आकडा बेटाचं भवितव्य ठरवणाऱ्या समितीपुढे जाणार होता. चाळिसांतले तीस परतले, तर बेटावर जाणाऱ्या सहलीच्या बोटी बंद. एक जरी कमी पडला, तर तिथे बोटींसाठी धक्का बांधायचं ठरलं होतं.

"एकोणतीस... तीस!"

"चला, गंगेत घोडं न्हालं," पेनाला टोपण लावत बायको म्हणाली. "आता घरी चला."

पण शेवटच्या पक्ष्यापर्यंत मोजायचं, हा त्याचा नेम होता. शिवाय खरं सांगायचं तर त्याला आनंदाचं भरतं आलं होतं. बेट लांब होतं. इतक्या लांबून कडी नीट दिसत नव्हती, पण निळा रंग लख्ख कळत होता. पस्तीस झाले. अडतीस झाले. चाळीस! एकही पिल्लू दगावलं नव्हतं. बायकोने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"एक्केचाळीस," तो म्हणाला.

पेन थांबलं. "अहो, कडी तर चाळीसच होती ना?"

"तू एक रेघ जास्त ओढलीस."

"वा! नाचता येईना अंगण वाकडं. रेघा ओढता येतात मला."

तो चिडला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला. या खेपेला आकडा पन्नासच्या पुढे गेला. तेवढ्यात एक पक्षी खोपट्यासमोरच्या खांबावर येऊन बसला. त्यालाही निळं कडं होतं, पण ते पायात नव्हतं. चोचीवर घट्ट बसलं होतं. पक्षी सारखी मान झटकत होता. चोच काही उघडत नव्हती. छातीचं हाड वर आलं होतं.

तो धावत बाहेर गेला. पक्षी उडाला, हवेतच भेलकांडला आणि बेटाकडे निघून गेला.

तो परत आत आला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. येताना बोटी सुटतात तिथल्या टपरीवरून पाण्याची बाटली घेतली होती. बायकोने ती पिशवीतून काढली, झाकण फिरवलं आणि बाटली त्याच्यापुढे धरली. झाकण तिच्या हातात आलं. झाकणाखालचं निळं कडं बाटलीच्या गळ्यातच राहिलं.

दोघं त्या कड्याकडे बघत राहिली. त्याला स्वतःची लाज वाटली. सकाळपासून तो लोकांचा कचरा मोजत होता आणि खूश होत होता. त्यात आपली कडी किती, हे आता देवालाच ठाऊक.

"तीसच लिहा ना," बायको हळूच म्हणाली. "बोटी तर बंद होतील. कुणाला कळतंय?"

त्याने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. उरलेले पक्षी त्याने शेवटपर्यंत मोजले. मग समितीचा कागद मांडीवर घेतला, लिहिलं आणि सही करून तिच्याकडे दिला. तिने मोठ्याने वाचलं.

"कडी घातलेली पिल्लं, चाळीस. परत आलेले निळ्या कड्याचे पक्षी, त्रेसष्ट." तिने मान वर केली. "अहो, हे काय? चाळिसांचे त्रेसष्ट झाले कसे, असं विचारतील की ते!"

"विचारू देत," बाटलीच्या गळ्यातलं कडं ओढून काढत तो म्हणाला. "उत्तर मी खिशात घालूनच नेणार आहे."