सातवा भाग

सातवा भाग पाहिल्याचं आठवतंय असा माणूस लंडनच्या फिल्म-संग्रहालयातल्या एका बाईंना जगात कुठेच सापडला नव्हता. म्हणून तर त्यांचं पत्र नव्वदच्या जून महिन्यात कुवेतमधल्या राई भागातल्या गोदामात येऊन पोचलं.

गोदामात टीव्हीवर दाखवून झालेल्या परदेशी फिल्मांचे डबे ठेवलेले असत. दाभोळचा अब्बास खोत अकरा वर्षं ते सांभाळत होता. बाईंनी लिहिलं होतं की वीस वर्षांपूर्वी एक ब्रिटिश विज्ञानमालिका कुवेतला दाखवली गेली होती. तिकडे मूळ टेपा केव्हाच पुसून टाकल्या होत्या. परदेशी पाठवलेल्या प्रतींपैकी एखादी उरली असेल, तर तेवढीच आशा. सायप्रसहून नकार आला होता, नायजेरियातूनही.

अब्बासने महिनाभर फळ्या उपसल्या. जुलैच्या अखेरीस धुळीतून सात डबे निघाले. ते पाठवायची तयारी चालली होती, तोच दोन ऑगस्टला सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे दिसले.

पोस्ट बंद, विमानं बंद. डबे तिथेच राहिले.

ऑक्टोबरमध्ये इराकी सैन्यातला कॅप्टन हमीद ट्रक घेऊन आला. त्याला गोदामातले कॅमेरे आणि प्रोजेक्टर बगदादला न्यायचे होते. यादी करता करता तो त्या डब्यांपाशी थबकला. लेबल त्याने दोनदा वाचलं. मग स्टूल ओढून बसला आणि सांगू लागला, की लहानपणी बसऱ्याला त्यांच्या घरी कुवेतचा टीव्ही दिसायचा. ही मालिका त्याने पाहिली होती. मात्र शेवटच्या भागाच्या वेळी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या होत्या.

त्याने एक प्रोजेक्टर मागे ठेवायला सांगितला. दोन दिवस दोघं शेजारी बसून मालिका बघत होते. माणसांनी सोडून दिलेल्या एका ग्रहावर चार प्रवासी अडकले होते, आणि परतीचं दार त्यांच्यापैकी एकालाच ठाऊक होतं. तो कोण, हे सहाव्या भागापर्यंत कळत नव्हतं. अब्बासलाही उत्सुकता लागली होती. शेजारी बसलेल्याचा गणवेश मधूनमधून तो विसरूनच जाई.

सातवं रीळ चढवणार, एवढ्यात ट्रकवाले आले. वरून हुकूम होता. प्रोजेक्टर खोक्यात गेला.

हमीदने लंडनचं पत्र मागून घेतलं, सावकाश वाचलं आणि पत्ता वहीत उतरवला.

"हे गोदाम राहील, याची हमी मी देऊ शकत नाही," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात मी अम्मानला जातोय. डबे माझ्याकडे दे, तिथून लंडनला पाठवतो."

उद्या देतो, असं अब्बासने सांगितलं.

फरवानिया वस्तीतल्या आपल्या खोलीत त्याने बायकोला, सुगराला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"अख्खा मुलूख उचलून नेणारा माणूस तुमचे डबे पोस्टात टाकील होय?"

अब्बासला ते पटलं. बगदादच्या बाजारात डबे विकले जाताना त्याला डोळ्यांसमोर दिसू लागले. सकाळी लवकर जाऊन त्याने सातही रिळं काढली आणि खजुराच्या झाडांवरच्या किडीची माहिती देणाऱ्या फिल्मांच्या डब्यांत घातली. त्या फिल्मा मालिकेच्या डब्यांत गेल्या. किडीचे डबे त्याने सगळ्यात वरच्या फळीवर सरकवले. तिकडे कोण बघतंय?

हमीदने डबे न उघडताच जीपमध्ये ठेवले. निघताना त्याने अब्बासचा हात दोन्ही हातांत धरला. अब्बासने तो सोडवून घेऊन जीपचं दार लावून दिलं.

पंधरा दिवसांनी तो आणि सुगरा बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आली. वाटेत वाळवंटातल्या तंबूत पाण्यासाठी रांगेत उभं असताना त्याने बायकोला आपली युक्ती सांगितली. कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात गोदामाच्या मालकाने बोलावून घेतलं. राईला पोचल्यावर अब्बासला कळलं की फेब्रुवारीत सैन्य माघारी जाताना गोदाम पेटलं होतं. वरची फळी खाली आली होती, डबे वितळून एकमेकांना चिकटले होते. त्याने पहारीने एक उचकटला. आत काळा भुगा होता. आपल्याला जमलं तेवढं आपण केलं, असं त्याने मनाला समजावलं. चोरांशी याहून जास्त काय करता येणार होतं?

मालकाच्या ऑफिसात तुंबलेल्या टपालात त्याच्या नावाचं एक पाकीट होतं. लंडनचं. त्याने ते उभ्या उभ्याच फोडलं.

बाईंनी घाईघाईत चारच ओळी लिहिल्या होत्या. अम्मानहून आलेलं पार्सल आजच मिळालं, सात डबे आहेत, अजून उघडलेले नाहीत, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पाठवणाऱ्याची चिठ्ठीही त्यांनी सोबत जोडली होती. वहीच्या फाडलेल्या पानावर हमीदने अरबीत लिहिलं होतं, "सातवा भाग पाहून झाला की गोष्ट कशी संपली ते अब्बासला नक्की कळवा. माझ्यामुळे त्याचा बघायचा राहिला."