ऑइल प्रेशरचा काटा

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात रत्नदीपने गाडीचं इंजिन बंद केलं, ऑइल प्रेशरच्या सेन्सरची वायर उपटली आणि शेजारी बसलेल्या मृणालला म्हणाला, "आता काटा शून्यावर यायलाच हवा, वहिनी."

काटा अर्ध्यापर्यंत उतरला, थरथरला आणि पुन्हा वर चढला.

"मीटरच येडा झालाय. बदलून टाकू."

"थांबा जरा."

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एकटाच घरी येताना, शीळफाट्याच्या सिग्नलला, तिचा नवरा सम्यक याच गाडीत स्टिअरिंगवर बसल्या बसल्या गेला होता. त्याच्या शेजारी बसून तिने हा काटा वर्षानुवर्षं पाहिला होता. गाडी पळाली की तो चढतो, नुसती उभी राहिली की उतरतो.

आता काटा पार खाली आला आणि तिथेच राहिला. हा शीळफाटा. मृणालने श्वास रोखला.

काटा वर गेला. मुंब्रा बायपासच्या चढावर सम्यक गिअर उशिरा बदलायचा, तसाच ताणून.

"सिग्नल सुटला," ती पुटपुटली.

"कुठला, वहिनी?"

बऱ्याच वेळाने काटा खाली येऊन स्थिरावला. बाळकुमच्या घरासमोर सम्यक असाच इंजिन चालू ठेवून थांबायचा, ती येऊन फाटक उघडेपर्यंत.

"रत्नदीप, रिक्षा बघा ना. घरी कोणीच नाहीये."

तो रस्त्याकडे धावला. मृणालला काट्यावरून नजर हटवता येईना.

काटा थांबून राहिला. मग चढू लागला, सावकाश, गाडी मागे घेताना चढतो तसा.