पुढची फळी

मला सोबत घेतल्याशिवाय नवरा कधी मासेमारीला गेला नाही. जाळ्याला मात्र हात लावू द्यायचा नाही. "तू नुसती पुढच्या फळीवर बस. हलू नकोस," एवढंच म्हणायचा. धाकटी जाऊ जळायची. "ताई, भाऊजींचं तुमच्याशिवाय पान हलत नाही हो!" मलाही ते खरंच वाटायचं. लाटांचे फटके खात, वाऱ्यात काकडत, मी आपली मनातल्या मनात फुलून बसायची.

आज नवी होडी बघायला दोघं गेलो. दुकानदार फायबरच्या होडीवर थाप मारत म्हणाला, "काका, ही जड आहे. पाणी कितीही खवळू दे, बसल्या जागी बसून राहते. तुमची ॲल्युमिनियमची हलकी, लाट आली की तोंड वर करणार. इतकी वर्षं पुढे वजनाला काय ठेवायचात? वाळूची पोती?"

नवऱ्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. "ही होती ना."

दोघंही खळखळून हसले. फायबरची होडी ठरली. बाहेर पडताना नवरा प्रेमाने म्हणाला, "सुटलीस बघ. आता घरी थांबलीस तरी चालेल."