सील शाबूत

म्हातारीने पाकीट खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख कडेवरून सावकाश फिरवलं. मधोमध लाल पट्टी उमटली होती. कोणीतरी ते उघडून, नीट दाबून परत चिकटवलं होतं.

"सापडलीस," ती स्वतःशीच म्हणाली. रागाच्या आधी तिला आनंद झाला, हे खरं.

होणारच. औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून बाटल्यांची सीलं तपासली होती. फुटकं सील तिच्या टेबलावरून कधी पुढे गेलं नाही. सील शाबूत दिसलं की ती शिक्का मारायची आणि खोकं पुढे सरकवायची. बाटलीत काय भरलंय ते बघणं दुसऱ्या खात्याचं काम होतं, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तिला सवय नव्हती.

घरात दोघीच होत्या, ती आणि थोरल्या मुलाची बायको. थोरला जाऊन चार वर्षं झाली होती. सून शिंप्याच्या दुकानात कामाला जायची आणि घरी आल्यावरही लोकांचे कपडे उसवून लहान-मोठे करत बसायची. तरी हातात पैसा उरत नाही म्हणायची. मग जातो कुठे, असा म्हातारीला प्रश्न पडायचा.

धाकटा दूरच्या शहरात होता. गिफ्ट कार्डांची पाकिटं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर महिन्याला तो आईला एक कार्ड पाठवायचा. सून ते घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायची आणि गुडघ्याच्या गोळ्या, दुधाची पावडर, साबण घेऊन यायची. मुलगा असावा तर असा, असं म्हातारी शेजारणींना ऐकवायची. सून तिथेच बसून सुईत दोरा ओवत असायची.

पण हल्ली सामान आटायला लागलं होतं. पावडरचा डबा लहान झाला. गोळ्यांच्या दोन पट्ट्या यायच्या, तिथे एक यायला लागली. कार्डावर छापलेली रक्कम मात्र तीच. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने धाकट्याला फोन लावला.

पाकीट कुणाच्या हातात पडतं, ते त्याने आधी विचारलं. मग म्हणाला की असले चोर हल्ली फार झालेत. पाकीट हळूच उघडतात, कार्डावरचा नंबर खरवडून उतरवून घेतात, परत होतं तसं चिकटवतात आणि आतले पैसे परस्पर उडवतात. मी कुणाचं नाव घेत नाही, असंही तो म्हणाला. त्याच्या कंपनीने यावरच नवीन पाकीट काढलं होतं. ते उघडता येतं, पण उघडलेलं लपवता येत नाही. त्याला दौऱ्यावर जायचं होतं म्हणून त्याने तीन महिन्यांची तीन पाकिटं एकदम पाठवली. काल म्हातारीचा डोळा लागलेला असताना कुरियर आला आणि सुनेने सही करून ती घेतली. आज त्यातल्या एकावर लाल पट्टी होती. बाकीची दोन शाबूत.

संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा ते पाकीट टेबलावर मांडून ठेवलेलं होतं.

"हे कुणी उघडलं?"

सुनेने पाकिटाकडे पाहिलं. "मी."

"का?"

"आत किती पैसे आहेत ते बघायचं होतं, आई. कार्डाचा नंबर टाकला की फोनवर कळतं."

"मग किती निघाले?"

सुनेने पाकीट उचलून टेबलाच्या कडेला सरळ ठेवलं. खांद्यावरची पिशवी अजून तशीच होती.

मग म्हातारीने तिला असं फैलावर घेतलं की जिन्यात शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. चोर म्हणाली. माझा एक मुलगा खाल्लास, आता दुसऱ्याच्या घामावर जगतेस, असंही म्हणाली. हे शेवटचं फार लागेल हे तिला कळत होतं, म्हणून ती ते दोनदा म्हणाली. सुनेने आत जाऊन कपाट उघडलं. तिने दोन पिशव्या भरल्या आणि दारात जरा थांबली.

"गोळ्या गुरुवारपर्यंत पुरतील."

"माझा मुलगा बघेल ते," म्हातारी म्हणाली आणि कडी लावली.

तिने लगेच धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने आईच्या नजरेचं तोंडभरून कौतुक केलं. उद्या दुसरं पाकीट घेऊन मी स्वतःच दुकानात जाते, असं ती म्हणाली तेव्हा मात्र तो अडखळला. तू कशाला जातेस, गुडघे दुखतील, मी आल्यावर बघू, म्हणाला. एवढ्या लांबून त्याला गुडघ्यांची काळजी, म्हणून तिचे डोळे भरून आले.

सकाळी ती काठी टेकत निघाली. वाटेत दोनदा बसली. दुकानात तिने पावडरचा मोठा डबा घेतला, गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि मनात आलं म्हणून बिस्किटांचा पुडाही घेतला. पैसे घेणाऱ्या बाईपुढे पाकीट ठेवण्याआधी तिने त्याच्या कडा पुन्हा एकदा नखाने तपासल्या. सील शाबूत होतं.

बाईने पाकीट फाडलं, कार्ड मशीनवर धरलं. मशीन कुरकुरलं. तिने पुन्हा धरलं, मग कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हे त्या शिंप्याकडच्या ताईंचं ना?"

ती आता यायची नाही, यापुढे तिच्या जागी मीच येणार, असं म्हातारीने जरा तोऱ्यातच सांगितलं.

मागे रांग होती. बाई पुढे वाकली आणि तिने आवाज खाली आणला.

"मग रोख आणलेत ना, आजी? ही कार्डं रिकामीच येतात, यांत कधी कुणी पैसे भरलेलेच नाहीत. वर्षभर त्या ताईच स्वतःचे पैसे देऊन सामान न्यायच्या. एवढंच सांगून ठेवलं होतं त्यांनी, की सासूबाई कधी चौकशीला आल्याच, तर कार्ड चालतं म्हणून सांगा."